बसल्याचे चोवीस, उभ्याचे तेरा

कर माणसाच्या डोक्यावर बसतो, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. माझी सगळी नोकरी कार्दित्साच्या पाणीपुरवठ्यात बिलं करण्यात गेली, त्यामुळे सरकार माणसाच्या अंगावर कुठे कुठे हात ठेवतं याची मला थोडीफार कल्पना आहे. खिसा ठाऊक होता, मान ठाऊक होती. पण कराची खरी बैठक माणसाच्या बुडाखाली असते, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

सरकारनं ठरवलं की कॉफी घेऊन माणूस चालता झाला तर त्या कॉफीवर तेरा टक्के कर, आणि तीच कॉफी खुर्चीत बसून प्यायला तर चोवीस. पूड तीच, साखर तीच, चुलीवर कॉफी उकळायची पितळी ब्रिकी तीच. म्हणजे मधला अकरा टक्क्यांचा फरक सगळाच्या सगळा खुर्चीचा. यात आणखी एक बारकावा आहे, तो माझ्यासारख्या बिलवाल्यालाच दिसायचा. त्याच टेबलावर कॉफीबरोबर पाव मागवलात, तर पावाला बसूनही तेराच. म्हणजे ग्रीस देशात पाव बसू शकतो, कॉफी बसू शकत नाही.

माझी मेहुणी झोइत्सा हिचा चौकात कॉफीखाना आहे. तिनं एके दिवशी दारात पाटी लावली. डावीकडे "हातात", उजवीकडे "बसून", आणि खाली दोन वेगळे भाव. मी पाटी वाचली, मान हलवली आणि नेहमीच्या जागी बसलो. माझं निवृत्तिवेतन खुर्चीला पुरेल इतकं आहे. तावलीचा पट मांडला, पांढऱ्या सोंगट्या माझ्या, काळ्या रिझोसच्या, आणि फासे खुळखुळवत त्याची वाट पाहू लागलो.

रिझोस आला. फरशा बसवणं हा त्याचा जन्माचा धंदा. निम्म्या कार्दित्साच्या पायाखाली त्याचं काम आहे, झोइत्साच्या कॉफीखान्याची फरशीही त्याचीच. एवढी फरशी घालायची म्हणजे आयुष्य गुडघ्यांवर काढावं लागतं, आणि त्याचे गुडघे आता चालताना आवाज करतात. ठेकेदारांनी त्याच्या विम्याची तिकिटं निम्मी चिकटवलीच नव्हती, त्यामुळे त्याचं निवृत्तिवेतनही गुडघ्यांसारखंच आहे, कसंबसं महिनाअखेर गाठतं.

त्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग त्यानं आपली नेहमीची, बेताच्या साखरेची कॉफी मागितली, "झोइत्सा, एक मेत्रिओ. हातात."

"अरे, पट मांडलाय," मी म्हणालो.

"दिसतोय. घरी काम आहे जरा."

रिझोसला घरी काम असल्याचं त्याच्या बायकोनंसुद्धा कधी ऐकलेलं नाही. तो कागदी पेला घेऊन, एकेक पाऊल जपून टाकत, चौक ओलांडून गेला. आमच्या कॉफीचा गाळ तळाशी बसायला वेळ लागतो, चालता चालता ती प्यायची म्हणजे गाळच प्यायचा. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी त्याला दारातच गाठलं.

"आज मी पाजतो, बस."

"आज तू, उद्या मी, असं चालत आलंय आपलं," तो म्हणाला. "उद्याचं मला जमणार नसेल तर आजचं घेऊ कशाला? सरक, वाट सोड."

आता माझी अडचण लक्षात घ्या. रिझोस नाही म्हणजे मला समोर कोण? फार्मसीवाला कोस्मास. कोस्मास तावली खेळतो, पण प्रत्येक फाशावर भाषण करतो, आणि आपली सोंगटी मागे फिरवताना हवामानाबद्दल बोलतो. मी न्यायासाठी लढलो असं चौकात आता म्हणतात, त्याला माझी हरकत नाही. पण खरं सांगायचं तर मला माझा भिडू परत हवा होता.

कोस्मासला मी हा अन्याय समजावून सांगितला. कोस्मास कॉफी नेहमी दुकानात नेऊन, काउंटरशी उभं राहून पितो.

"खुर्ची ही चैन आहे," तो म्हणाला. "चैनीला जास्त कर. साधं आहे."

"चैन? ज्याला उभं राहवत नाही त्याची चैन?"

"मग सरकारनं प्रत्येकाचे गुडघे तपासून कर लावायचा का? एक दर गुडघेवाल्यांना, एक दर बिनगुडघेवाल्यांना? हिशेब कोण ठेवणार, स्तेर्योस? कर जितका सोपा तितका चांगला."

"मग दोन दर कशाला? एकच ठेवा."

"एकच ठेवला तर तेरावाले ओरडतील."

"तेरावाले म्हणजे कोण?"

"म्हणजे मी," कोस्मास म्हणाला.

मग मी कृतीकडे वळलो.

पहिली कृती अर्थातच उभ्यानं तावली खेळण्याची. खिडकीच्या कट्ट्यावर पट मांडला, कागदी पेले ठेवले. रिझोस कसाबसा तयार झाला. पहिला डाव अर्ध्यावर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग पांढऱ्या सोंगट्यांकडे झुकायला लागला, आणि त्यानं सहा-सहा पडलेले असताना डाव सोडला. सहा-सहा पडलेले असताना डाव सोडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरी कल्पना मला सायकलवर सुचली, आणि सायकलवरूनच सुचली. आमच्या गावात सगळे सायकलनं फिरतात. वकील फिरतात, विहिणी फिरतात, पाद्रीबाबा झग्याला कपड्यांचे चिमटे लावून फिरतात. सायकलवरचा माणूस बसलेला असतो, हे आमच्याकडे कुणाच्या लक्षातच येत नाही. मनात म्हटलं, सीट आपली, बूड आपलं, झोइत्साचा संबंध फक्त पेल्याशी. हे हातातच झालं.

तरी मी नियमाचा माणूस. कर खात्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली.

"सायकलवर बसून कॉफी प्यायली तर तेरा की चोवीस?" मी विचारलं.

"सायकल चालू आहे की उभी?"

"उभी."

"उभी असेल तर ते वाहन धरता येणार नाही," ती विचार करत म्हणाली. "पण फर्निचरही धरता येणार नाही. काका, तुम्ही कुठून बोलताय?"

"कार्दित्साहून."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि तिनं मला पुन्हा संगीताकडे सोपवलं. तिच्या जागी नंतर आलेल्या गृहस्थांनी माझा प्रश्न योग्य विभागाकडे पाठवला असल्याचं कळवलं. तो अजून तिथेच असावा.

नकार आला नाही म्हणजे होकार, असं समजून आम्ही सायकली चौकात ओळीनं स्टँडवर चढवल्या. मध्ये बियरचं रिकामं खोकं, त्यावर पट. रिझोस सीटवर बसला, पाय जमिनीला टेकले, गुडघ्यांनी तक्रार केली नाही. सगळं झकास जमलं. कोस्मासही कुतूहलानं सायकल घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. मग रिझोसला पुन्हा सहा-सहा पडले. माणसानं आनंदात हात वर करावा, पण सायकलवर बसून करू नये. रिझोसची सायकल माझ्यावर आली, माझी कोस्मासवर, कोस्मासची पाद्रीबाबांच्या रिकाम्या सायकलवर, आणि पट गटारात गेला. एक काळी सोंगटी काही सापडली नाही. तिच्या जागी पाण्याच्या बाटलीचं झाकण आलं, ते निळं आहे, आणि रिझोस त्याला अजून "जखमी" म्हणतो.

कोपराला मलम लावताना कोस्मास म्हणाला, "एवढं करण्यापेक्षा घरची खुर्ची आण की."

तो हे टोचून म्हणाला होता. पण मोठमोठ्या योजना अशाच कुणाच्या तरी टोमण्यातून निघतात.

माझ्या घरच्या खुर्च्या म्हणजे माझ्या बायकोच्या, वाइयाच्या. तिच्या वडिलांनी अक्रोडाचं लाकूड आणून स्वतः केलेल्या, बैठकीला गवती वीण, लग्नात तिच्याबरोबर आलेल्या. त्यांच्यावर बसताना मीसुद्धा आधी पँट झटकतो. तिला मी करव्यवस्थेतला न्याय आणि सुटसुटीतपणा यांचा झगडा नीट समजावून सांगितला.

"खुर्ची कुठे नेणार ते सांग," ती म्हणाली.

"तुझ्याच बहिणीकडे."

"झोइत्साकडे खुर्च्या नाहीत?"

"आहेत. पण त्यांच्यावर चोवीस टक्के आहेत."

वाइयानं माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा बघण्याचा मला आता अर्थ लागतो. "संध्याकाळी परत आली पाहिजे," ती म्हणाली. "पुसून."

मी खुर्ची सायकलच्या कॅरिअरला बांधून निघालो. रिझोसनं त्याचं फरशीकामाचं बुटकं स्टूल आणलं, त्यावर उशी. झोइत्साची टेबलं, आमच्या बैठका, कागदी पेले. तिच्या हिशेबनिसाला, मेनेलाओसला, तिनं फोनवर घेतलं. तो म्हणाला, "मला काही विचारलंच नव्हतं असं समजा." आम्ही ते व्यावसायिक मत म्हणून धरलं.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. आठवडाभरात गावातल्या निम्म्या निवृत्त माणसांनी घरच्या खुर्च्या आणल्या. कुणी आरामखुर्ची, कुणी समुद्रावरची घडीची, एकानं न्हाव्याकडची जुनी फिरती. झोइत्साच्या खुर्च्या आत एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि बाहेर असा देखावा की जणू कुणाचं तरी घर जप्त झालंय. रिझोस रोज येऊ लागला. रोज मला हरवू लागला. मी खूष होतो, आणि खूष माणूस बेफिकीर होतो. एका संध्याकाळी खुर्ची घरी न्यायचा मला कंटाळा आला. बाकीच्यांसारखी मीही ती चिनाराच्या बुंध्याला दोरीनं बांधली आणि वाइयाला सांगितलं की ती झोइत्सानं आत घेतली आहे.

आता इथे नगरपालिका आत येते. फुटपाथवर कॉफीखान्याची खुर्ची असेल तर तिला परवाना लागतो, ती मोजता येते, तिच्यावर शुल्क असतं. नागरिकाची खुर्ची फुटपाथवर असेल तर तिला नगरपालिकेत एकच नाव आहे, "मोठं टाकाऊ सामान". ते उचलायला दर गुरुवारी सकाळी ट्रक येतो. त्या गुरुवारीही आला. ज्यांनी साखळी लावली होती त्यांच्या खुर्च्या वाचल्या. मी दोरी लावली होती.

मी नगरपालिकेत धावलो. काउंटरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "खुर्ची फेकून दिली नव्हती याचा पुरावा?"

"माझ्या बायकोच्या वडिलांनी केलेली होती ती."

"जुनी होती, म्हणजे," बाई म्हणाल्या आणि तसं लिहून घेतलं.

कचरा डेपोत तिला शोधायला मी आणि रिझोस गेलो. रिझोसनं तसल्या जागी यायला नको होतं, त्याला चढउतार झेपत नाहीत. तिथे फ्रिज होते, गाद्या होत्या, एक अख्खा पियानो होता. अक्रोडाची खुर्ची नव्हती. कुणीतरी पारखी माणूस आमच्या आधी येऊन गेला असणार.

परतताना रिझोस म्हणाला, "वाइयाला मी सांगतो. माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे कसं? मला भिडू हवा होता."

"मग सांग तिला तसं."

मी तिला तसं सांगितलं. वाइयानं राहिलेल्या पाच खुर्च्या एकेक करून पुसून ठेवल्या. ती जेव्हा ओरडते तेव्हा विषय मिटतो. ती ओरडली नाही.

आणि याच दुखवट्याच्या काळात कर खात्याची बाई आली. चौकापलीकडच्या कुणीतरी तक्रार केली असावी, नाव घेण्यात अर्थ नाही. तिशीची असेल, टाचांचे बूट, खांद्यावर जड पिशवी, ऊन मी म्हणत होतं. ती चौकात उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. न्हाव्याच्या खुर्चीतला म्हातारा सावकाश तिच्याकडे फिरला.

"या खुर्च्या कुणाच्या?"

"माझी," "माझी," "ही माझी," असा चौकभर आवाज उठला. माझी राहिली नव्हती. मी त्या दिवशी झोइत्साच्या पायरीवर बसलो होतो.

"कॉफी?"

"हातात," मी उठून म्हणालो आणि कागदी पेला उंच धरला. मग मी तिला आमची बाजू मांडली. बसणं ही सेवा नाही, ती शरीराची अवस्था आहे. खुर्ची ग्राहकाची आहे. मालकिणीनं फक्त पेला हातात दिला, पुढे त्या हाताखालचं शरीर कुठे ठेवायचं हा नागरिकाचा खाजगी प्रश्न आहे. मी चांगलं बोललो. रिझोसनंही मान हलवली. बाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि मला वाटतं ती पटायच्या बेतात होती.

तेवढ्यात झोइत्सा दारातून बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेवर पाण्याचे काचेचे ग्लास, प्रत्येक कॉफीमागे एक. ती सवयीनं टेबलाटेबलावर फिरली आणि प्रत्येक कागदी पेल्याशेजारी थंडगार पाण्याचा ग्लास ठेवत गेली. एक ग्लास तिनं उन्हात उभ्या असलेल्या बाईंपुढेही धरला.

बाईनं ग्लास हातात घेतला आणि टेबलांवरच्या ग्लासांवरून नजर फिरवली.

"हे रोज देता?" बाईनं विचारलं.

"पाणी?" झोइत्साला प्रश्नच कळेना. "कॉफीबरोबर पाणी नको?"

"टेबलावर आणून देता?"

"मग काय लोकांनी आत येऊन प्यायचं, पोरी? यांचे पाय बघ."

"झोइत्सा," मी कळवळून म्हणालो.

"काय भावोजी? पाण्याचे पैसे घेत नाही मी. पाण्यावर कसला कर?"

पाण्यावर नव्हता. पण टेबलावर ग्लास आला म्हणजे कॉफी वाढली गेली, आणि कॉफी वाढली गेली म्हणजे माणूस बसलेला आहे, मग तो स्टुलावर असो, सायकलवर असो, की स्वतःच्या तत्त्वांवर. बाईनं दंडाचा कागद लिहायला घेतला. ती मनानं वाईट नव्हती. लिहिताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, टाच बुटातून हळूच बाहेर काढत होती. रिझोसला ते दिसलं. पायांचं दुखणं त्याला लांबून दिसतं. तो टेबलाला धरून उठला आणि त्यानं आपलं उशीवालं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बस, पोरी. माझं घरचं आहे. याला कर नाही."

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि बसली. इतकं मनापासून बसलेलं माणूस मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. झोइत्सानं तिला कॉफी आणून दिली, कपात. बाई गाळ खाली बसेपर्यंत थांबली, सावकाश प्यायली, पाणी प्यायली, आणि उठताना पैसे काढून म्हणाली, "माझे चोवीसनं लावा. मी बसले होते." मग तिनं झोइत्साच्या हातात दंडाचा कागद ठेवला. मघाचा आकडा खोडलेला नव्हता.

दंड आम्ही खुर्चीवाल्यांनी वाटून घेतला. रिझोसचा वाटा घ्यायला झोइत्सा तयार नव्हती, म्हणून त्यानं दारातली हललेली फरशी बसवून दिली. म्हणजे तो स्टुलावर बसून सांगत होता, आणि गुडघे टेकून मी बसवत होतो. ती फरशी किंचित तिरकी आहे. येणारा प्रत्येकजण विचारतो, आणि रिझोस प्रत्येकाला माझं नाव सांगतो.

त्यानंतरच्या सोमवारी झोइत्सानं पाटी उतरवली आणि नवी लावली. तिच्यावर एकच भाव होता. जुन्या "हातात"पेक्षा थोडा जास्त, जुन्या "बसून"पेक्षा बराच कमी. सरकारला ज्याचे तेरा त्याचे तेरा आणि ज्याचे चोवीस त्याचे चोवीस ती भरणार होती. गिऱ्हाइकाला मात्र खुर्ची मोजणार नव्हती. मेनेलाओसनं फोनवर सांगितलं की सकाळी पेला घेऊन पळणारी पोरं इतकी आहेत की हिशेब जुळतो. पाण्याच्या बिलांत आयुष्य घालवलेल्या मला तो आधी सुचायला हवा होता.

पहिला आला कोस्मास. पाटी वाचून लाल झाला.

"म्हणजे मी उभ्यानं प्यायची आणि यांच्या बुडाचा कर भरायचा?"

"तुझं दुकान कुणाच्या गुडघ्यांच्या मलमावर चालतं रे?" झोइत्सा म्हणाली. "पेला घे आणि जा. नाहीतर बस, भाव तोच आहे."

कोस्मास हिशेबी माणूस. जास्तीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून तो त्या दिवशी प्रथमच बसला.

रिझोस आला तेव्हा मी पट मांडून बसलो होतो, काळ्यांत निळं झाकण धरून. त्यानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. फरशी मापणाऱ्या माणसाला हिशेब शिकवावा लागत नाही.

"म्हणजे ती पेलेवाली पोरं मला पाजताहेत," तो म्हणाला. आवाज मला ओळखीचा वाटला. आता घरी काम निघणार.

"तुला कोण पाजतंय?" झोइत्सा ब्रिकीवरून नजर न काढता म्हणाली. "ती आपली जागा धरून ठेवताहेत. त्यांना गुडघे नाहीत का? येतीलच की एक दिवस."

रिझोस दारात उभा राहिला, माझ्या तिरक्या फरशीवर. मग आत आला आणि टेबलाला धरून खुर्चीत बसला.

"दोन मेत्रिओ," तो म्हणाला. "स्तेर्योसची माझ्याकडून."

मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "उद्या तू. फासे टाक."

असा चौकातला अन्याय मिटला. घरातला राहिला आहे. वाइयाच्या वडिलांच्या खुर्च्या आता पाच आहेत. रविवारी मुलगा, सून आणि दोन नातवंडं जेवायला येतात, वाइया धरून पाच होतात. झोइत्साकडच्या रचून ठेवलेल्यांतली एक मी आणायला निघालो होतो. तर वाइया म्हणाली, माझ्या वडिलांच्या टेबलाशी उपरी खुर्ची लागणार नाही.

तेव्हा रविवारी मी ताट घेऊन खिडकीच्या कट्ट्याशी जेवतो. पाणी हवं असलं तर आत जाऊन प्यावं लागतं, टेबलावर ते मला कुणी आणून देत नाही. नातवानं एकदा विचारलं, आजोबा उभ्यानं का जेवतात.

"त्याला तेरा टक्केच परवडतात," वाइया म्हणाली आणि सगळ्यांना आणखी वाढलं.